ताऊसचा दोक्कार

दोक्कार ओरबाडला गेलाय, हे ताऊसच्या पायाला आधी कळलं. परसात पाऊल टाकलं तर तळव्याला काहीतरी चिकट लागलं. खाली बघितलं तर अंजिराची हिरवी पानं पडलेली, देठांना अजून पांढरा चीक. मग तिने मान वर केली. तीन दिवसांपूर्वी ज्या झाडावर बोट ठेवायला जागा नव्हती, त्या झाडावर आता फांद्या होत्या, पानं होती, आणि फळ एकही नव्हतं. दोन फांद्या तर मोडून सालीला लोंबत होत्या. शिडी लावायचा कंटाळा आला असेल मेल्याला, ओढूनच घेतलं.

ती आणि तिची सोळा वर्षांची मुलगी नुआरा खालच्या खोऱ्यात मामेबहिणीकडे जव कापायला गेल्या होत्या. काल दिवस मावळता परतल्या, भाकरीचा तुकडा ताकात बुडवून खाल्ला आणि आडव्या झाल्या. परसाकडे कुणी डोकावलं नाही. ताऊसच्या बोटांना विळ्याने चिरा पडल्या होत्या. तिने मोडकी फांदी धरली तसा चीक त्या चिरांत उतरला आणि हाताची आग आग झाली. तरी तिने फांदी सोडली नाही.

परसात अंजिराची आठ झाडं होती आणि नववा हा दोक्कार, म्हणजे अंजिराचा नर. याचं फळ माणूस खात नाही. आत नुसता कोरडा चोथा, शेळीसुद्धा हुंगून सोडून देते. पण त्या चोथ्यात माशी असते, काळी, डोळ्यात भरणार नाही एवढीशी. जून महिन्यात ही फळं जोडीजोडीने गवताच्या दोरीत ओवायची आणि माळा मादी झाडांना टांगायच्या. माशी बाहेर पडते, कोवळ्या अंजिरात शिरते, तेव्हा ते अंजीर धरतं. नाही शिरली तर पंधरा-वीस दिवसांत पिवळं पडून गळतं, मग झाडाखाली उभं राहून तुम्ही रडा नाहीतर गा. या डोंगरात हिवाळा काढायचा तो सुकी अंजिरं, जव आणि ऑलिव्हचं तेल यांच्या जोरावर. तीन बायकांच्या घरात तर अंजिरावरच.

ताऊसने खाली पडलेलं एक फळ उचलून दोन बोटांनी फोडलं. आतल्या गाठी हिरवट होत्या, माशी फिकट, ओल्या कोंड्यासारखी. तोंडाशी पिवळी पूड असायला हवी, तिचा पत्ता नव्हता. चार दिवस लवकर तोडलं होतं. चोरी केली ती केली, तीही धड केली नाही.

उंबऱ्यावर सासू बसली होती. फरूजाला डोळ्यांनी अंधुक दिसायचं आणि गुडघे कधीच गेले होते, पण जीभ शाबूत होती.

"आत्याबाई, परसात कोण आलं होतं?"

"बुसाद आला होता की. परवा. एक टेम्पोवाला होता बरोबर. म्हणाला, वहिनीने सांगितलंय उतरवायला."

"मी सांगितलं?"

"मला काय ठाऊक? मी म्हटलं, अरे एवढ्या लवकर? तर म्हणतो, म्हातारे, तुला दिसतंय कुठे पिकलंय की कच्चं."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"तुझे गुडघे दे मला, मग बघ गप्प बसते का." म्हातारीचा आवाज चिरकला. "माझ्याच पोटचा आहे गं तो. आईला फसवेल असं कसं वाटावं?"

 फोडलेलं फळ मुठीत घेऊन ताऊस वरच्या अंगाला, धाकट्या दिराच्या घराकडे निघाली.

तिचा नवरा अक्ली सहा वर्षांपूर्वी गेला. मुलगा नव्हता, म्हणून परसाची माती बुसादकडे गेली. गावाचा कायदाच तसा, त्यावर बोलून कुणाचं काही चालत नाही. पण त्याच कायद्यात असंही आहे की माती कुणाचीही असो, झाड लावणाऱ्याचं. आणि हा दोक्कार ताऊसने लावला होता. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी माहेराहून फाटा आणला, ओल्या फडक्यात गुंडाळून, चार तास डोक्यावर घेऊन. माझं एकटीचं म्हणावं असं तिच्याकडे जगात एवढंच होतं. दुसरं म्हणजे दोक्कार गावात कुणी विकत नाही. मागेल त्याला द्यायचा, घेणाऱ्याने हिवाळ्यात एक सकाळ येऊन झाडांच्या बुंध्याशी खणून द्यायचं. गावातली बावीस घरं तिच्याकडून नेत आली होती, आणि तिने एकालाही कधी नाही म्हटलं नव्हतं.

बुसाद अंगणात आरसा भिंतीला टेकवून दाढी करत होता. अर्ध्या तोंडाला फेस.

"भावोजी, माझा दोक्कार कुठाय?"

"बस वहिनी. कल्तूम, वहिनीला कॉफी दे."

"कॉफी नको. दोक्कार कुठाय?"

"विकला." त्याने वस्तरा गालावरून शांतपणे ओढला. "खालच्या सपाटीवरचा व्यापारी आला होता. चांगला भाव दिला. तुमच्या वाट्याचं देणार आहे ना मी, पळून चाललोय का?"

"मला विचारलंस?"

"तुम्ही होता कुठे विचारायला? आणि विचारायचं काय त्यात, माती माझी."

"झाड माझं."

"असेल. पण फळ कुठलं म्हणायचं ते? कुणी खातं? माशांच्या पिशव्या नुसत्या. गावाला फुकट वाटत बसलात इतकी वर्षं, काय मिळालं? वर्षातून एकदा कुदळीचे चार घाव."

ताऊसने मूठ उघडून ते फोडलेलं फळ त्याच्या आरशासमोर धरलं. "हे बघ. कच्चं आहे. माशीने डोळे उघडले नाहीत अजून. हे ज्याने कुणी टांगलं त्याच्या झाडाला काही लागणार नाही. माझ्या झाडांनाही नाही, कारण माझ्याकडे काही उरलंच नाही. तुला अंजिरातलं एवढंही कळत नाही?"

आत कल्तूम कपाचा आवाज न करता उभी होती. बायकोसमोर आपल्याला काही कळत नाही असं म्हटलेलं बुसादला झोंबलं असावं. तो वळला. फेसातून त्याचे ओठ तेवढे दिसत होते.

"वहिनी, तुमचा मान ठेवतो मी. अक्लीच्या माघारी तुम्हाला त्या घरात राहू दिलंय, ते विसरू नका."

राहू दिलंय! ज्या घराच्या भिंतींना तिने दर वसंतात स्वतःच्या हाताने माती लावली, त्या घरात. ताऊस तिथून निघाली ती वाटेत कुणाच्या सलामाला उत्तर न देता. 

दुसऱ्या दिवशी बुधवारचा बाजार होता. या भागात बाजार पुरुषांचा. बाईला काही हवं असेल तर ती नवऱ्याला सांगते, नवरा नसेल तर दिराला. ताऊसने दिराला सांगायचं काय? ती नुआराला घेऊन स्वतःच उतरली. दोन तासांची उतरण, खडी पायाखालून सटकणारी, ऊन दगडातून वर येणारं. बाजारात दोघी शिरल्या तशी माणसं बाजूला झाली, वाट द्यायला नव्हे, अंगाला लागू नये म्हणून. एका खेचरवाल्याने तोंड फिरवलं. कुणीतरी नुआराकडे बघून खाकरलं, तेव्हा ताऊसने तिला आपल्या डाव्या बाजूला घेतलं.

टेम्पो खाली चिंचोळ्या सावलीत उभा होता. पाटीवर पाटी, आणि पाट्यांत तिचा दोक्कार. आपली फळं ओळखायला तिला देठाचा बाकसुद्धा पुरे. आणि समोर गिऱ्हाईक कोण, तर तिच्याच गावची माणसं. गावाचा अमीन, म्हणजे सभेचा मुख्य, कासी लोकरीचा पांढरा झगा, बुर्नूस, खांद्यावर टाकून उभा होता, शेजारी वाली काका, मागे आणखी आठ-दहा. दरवर्षी तिच्या परसातून फुकट नेणारी माणसं इथे घासाघीस करत होती.

"घेऊ नका," ताऊस म्हणाली. "वाली काका, घेऊ नका ते. कच्चं आहे. माशी निघायची नाही यातून."

 वाली काकाने खालच्या आवाजात म्हटलं, "पोरी, तू इथे कशी? बुसादला पाठवायचंस."

"बुसादनेच तर विकलंय."

"तुझ्याच संमतीने ना?" अमीन तिच्याकडे न बघता टेम्पोच्या चाकाला म्हणाला. "बुसाद म्हणाला आम्हाला, यंदा वहिनीने विकायचं ठरवलंय."

"मी नाही ठरवलं काही. फोडून बघा एक. पूड नाही आत."

व्यापारी हसला. त्याच्या तोंडात दात कमी आणि गमजा जास्त होत्या. "बाई, माल माझा आहे. फोडायचा तर आधी घ्यायचा. तुम्हाला हवा? तुम्हाला जरा कमी करतो, तुमच्याच झाडाचा आहे म्हणे."

यावर चारदोन माणसं हसली. तिच्या गावचीसुद्धा. आपल्या झाडाचं फळ विकत घे म्हणणारा हसला ते एक वेळ ताऊसने गिळलं असतं, पण गावच्यांनी हसावं? तिच्या तोंडून निघून गेलं, "न्या मग. न्या आणि टांगा. एक माशी निघाली तर मला सांगायला या."

एवढंच म्हणाली ती. माझ्या मते कमीच म्हणाली.

चढणीवर नुआरा रडत होती. ताऊस म्हणाली, "रडू नको. श्वास पुरणार नाही. परवा मामाकडे जायचंय."

ताऊसचं माहेर उंचावर, सुळक्याच्या खालच्या गावात. तिथे बर्फ उशिरा वितळतो, म्हणून तिथला दोक्कारही दहा-बारा दिवस उशिरा येतो. पण ओळखीशिवाय तिथे कुणी पानही देत नाही, आणि या गावातल्या कुणाची तिथे ओळख नव्हती, ताऊसखेरीज. भाऊ मोक्रानने तिला काही विचारलं नाही. तिचा चेहरा बघितला, हात बघितले, आणि शिडी काढली. फळ कधी तोडायचं ते त्याला ठाऊक होतं. एक फोडलं, डोळ्याजवळ नेलं, मान हलवली. दुसऱ्या फांदीवरचं फोडलं तर पिवळी पूड बोटाला लागली आणि एक काळी माशी पंख झाडत अंगठ्यावर चढली.

"ही उन्हाकडची फांदी आधी आलीय, ती घे. बाकीची दोन आठवड्यांनी. तेव्हा झाड भरून येईल बघ."

"मला तेव्हाही लागेल."

"खेचर देतो मग. गावालाही नेणार?"

ताऊसने फडकं भिजवायला घेतलं. फळं ओल्या फडक्यात, वर नेच्याची पानं. माशी गारव्यात आत बसते, ऊन लागलं की निघते आणि निघाली की परत येत नाही. म्हणून दोघी कोंबडा आरवायच्या आत निघाल्या. उतरणीवर नुआराच्या चपलेचा पट्टा तुटला तशी ती अनवाणी चालली. थांबू या का, असं तिने विचारलं नाही. सूर्य समोरच्या धारेवर आला तेव्हा त्या परसात होत्या. फरूजाने बसल्या जागेवरून गवताच्या दोऱ्या वळून ठेवल्या होत्या, अंधुक डोळ्यांनी, नुसत्या बोटांच्या सवयीने. तिघींनी ओवलं. ताऊस झाडावर, नुआरा खाली, म्हातारी मधून मधून "पलीकडच्या फांदीला विसरलीस" म्हणत, जणू तिला दिसतच होतं. ऊन चढेपर्यंत आठही झाडांना माळा लागल्या. जरा वेळाने ताऊसने मान वर करून बघितलं तर पानांच्या मधून बारीक काळे ठिपके हलत होते. ती तिथेच बुंध्याला टेकून बसली, पाय पसरून, आणि कितीतरी वेळ उठली नाही.

गावात मात्र माशी नव्हती. बाजारातल्या माळा झाडाझाडाला सुकून काळ्या पडल्या. फोडल्या तर आत माशी मेलेली, जागच्या जागी. पहिले दोन दिवस लोक म्हणाले, हवा गार आहे. तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, व्यापाऱ्याने फसवलं. चौथ्या दिवशी गावाला खरं कारण सापडलं. ताऊसची दृष्ट! बाजारात, भर माणसांत, ती म्हणाली नव्हती का, एक माशी निघाली तर सांगा? बाई बाजारात गेली तिथेच अपशकुन झाला. आणि आता बघा, सगळ्या गावात माशी नाही, फक्त तिच्या परसात आहे. याला काय म्हणायचं?

याला मूर्खपणा म्हणतात, पण ते म्हणायचं कुणी?

शुक्रवारी सभा बसली. सभेच्या घराला दोन्ही बाजूंनी दारं, आत दोन्ही भिंतींना दगडी बाक. बाईला आत जागा नाही. तिच्या वतीने तिच्या घरचा पुरुष बोलतो. बायका शेजारच्या गच्चीवर गहू निवडायच्या निमित्ताने बसतात आणि शब्द न शब्द ऐकतात. ताऊसही बसली. मांडीवर सूप, सुपात मूठभर गहू. तिच्या घरचा पुरुष कोण, तर बुसाद.

खालून बुसादचा आवाज आला, नरम, साजूक. "ताऊसवहिनीच्या वतीने मी बोलतो. विधवा बाई. डोकं फिरलं, बाजारात गेली, तोंडून वावगा शब्द गेला. तिच्या वतीने मी सभेची माफी मागतो."

"पण ते फळ कच्चं होतं का रे?" हा वाली काकाचा आवाज. "कारण मला तेव्हाच वाटलं होतं कच्चं."

"ते आता कशाला, काका?" अमीन म्हणाला. "गावाचं नुकसान झालंय. पुढे असं होऊ नये याचं बघू. दोक्कारासारखी गोष्ट, जिच्यावर सगळ्या गावाचं अंजीर, ती बाईच्या ताब्यात राहून अशी भांडणं होणार असतील, तर ती घरच्या पुरुषाच्या ताब्यात असलेली बरी. यापुढे ते झाड बुसादचं. तिच्या वतीने तुला कबूल आहे?"

"तिच्या वतीने मला कबूल आहे," बुसाद म्हणाला.

चोराने माफी मागायची, तीही ज्याच्या घरी चोरी केली त्याच्या नावाने, आणि जाताना उरलेलं घर खांद्यावर टाकायचं! ताऊसच्या हातातलं सूप कलंडलं. गहू गच्चीवर पसरले. कुणी वेचायला पुढे झालं नाही. शेजारी कल्तूम बसली होती, बुसादची बायको, ती मान खाली घालून आपल्या सुपातला खडा उगाच शोधत राहिली. ताऊस ओरडली नाही. ओरडली असती तर तोही तिच्या वतीने बुसादने कबूल केलेला आणखी एक गुन्हा झाला असता. ती उठली आणि घरी गेली.

सोमवारपासून बायका येऊ लागल्या. मागच्या दाराने, पदराखाली टोपली झाकून. गावच्या अंजिरांच्या मानेशी पिवळी झाक दिसायला लागली होती.

"ताऊस, तुझ्या माहेरचा दोक्कार आहे म्हणे. दोन माळा दे गं. ह्यांना कळू देऊ नको."

"का? ह्यांची झाडं नाहीत ती?"

"अगं, ते सभेत बोललेत ना. आता कसं येणार?"

उंबऱ्यावरून फरूजाने मान वळवली. डोळे अंधुक, पण तोंड नेमकं त्या बाईच्या दिशेला. "जा आणि तुझ्या नवऱ्याला सांग, फरूजा म्हणते, माझ्या मुलाने माझ्यासमोर खोटं बोलून ते झाड लुटलं. सुनेने सांगितलंय म्हणाला. तिने सांगितलं नव्हतं. विहिरीवर सांग, गिरणीवर सांग. मी सगळ्यांना सांगतेय, पाय असते तर तुझ्या घरी येऊन सांगितलं असतं."

बाई गेली. दुसरी आली, तिसरी आली. ताऊसने प्रत्येकीला एकच सांगितलं. "दोक्कार मागेल त्याला द्यायचा असतो. मी देणार. शुक्रवारी पहाटे आणते, सगळ्या घरांना पुरेल एवढा. पण मागच्या दाराने नाही. सभेच्या घरात देईन, आणि ज्याची झाडं त्याच्या हातात."

शुक्रवारी सूर्य उगवायच्या वेळी मोक्रानचं खेचर सभेच्या घरासमोर थांबलं. दोन्ही बाजूंना मोठ्या टोपल्या, ओल्या गोणपाटाने झाकलेल्या. ताऊस आणि नुआराने त्या उचलून आत नेल्या. बाकांवर पुरुष बसलेले, कुणी जांभई देत, कुणी जमिनीकडे बघत, पण बावीसही घरचे आलेले. ताऊसने टोपल्या मधोमध ठेवल्या आणि बाकाच्या टोकाला बसली. त्या बाकावर आजवर बाई बसली नव्हती. दगड गार होता.

"हे काय?" अमीन म्हणाला. "इथे बसायचं नाही."

"मग उभी राहते. मला काय, पाय आहेत." ती उठून टोपलीशी उभी राहिली. "दोक्कार आणलाय. ज्याला हवा त्याने यावं. पण आधी मला सांगा, परसातला तो दोक्कार कुणाचा?"

"ते ठरलंय."

"मी नव्हते ठरवताना."

"तुझ्या वतीने बुसाद होता. सभेचा शब्द एका दिवसात फिरत नाही, ताऊस. पुढच्या शुक्रवारी विषय घेऊ, तीन बैठका होतील, साक्षी होतील..."

ताऊसने गोणपाटाचा कोपरा चार बोटं उचलला. पूर्वेच्या दारातून उन्हाची पहिली पट्टी आत आली होती, ती टोपलीच्या काठावर पडली. आधी काहीच दिसलं नाही. मग एक ठिपका वर आला, मग दोन, मग धुरासारखी बारीक रेघ. अमीनच्या पांढऱ्या बुर्नूसवर काळे कण बसले. तो ते झटकायला गेला आणि हात मध्येच थांबवला. ती माशी मारायची नसते, हे त्याच्याही हाताला ठाऊक होतं.

"पुढच्या शुक्रवारी यात नुसती टरफलं असतील," ताऊस म्हणाली आणि कोपरा सोडून दिला. "मी थांबते. माझ्या झाडांना मी वाटेत लावून आलेय. ऊन मात्र थांबणार नाही."

 बाहेर खेचराने खूर आपटला. उन्हाची पट्टी वीतभर पुढे सरकली.

वाली काका खाकरला. "बुसाद, उठ. तुला वहिनीने तोडायला सांगितलं होतं का नव्हतं?"

"काका, आता तो विषय..."

"होय की नाही बोल. माझ्या चौदा झाडांची अंजिरं पिवळी पडतायत."

"अरे बोल की!" मागून कुणीतरी ओरडलं. "तुझ्या जिभेला काय झालंय?" ज्यांना आठवडाभरापूर्वी काही विचारायचं सुचलं नव्हतं, त्या सगळ्यांना आता एकदम न्याय आठवला. ताऊस त्यांच्याकडे बघत होती. यातल्या एकालाही तिची कणव नव्हती, त्यांना माशीची घाई होती, हे तिला पुरतं कळत होतं. आणि तेच तिला जास्त झोंबलं.

"नव्हतं सांगितलं," बुसाद म्हणाला.

"मग झाड कुणाचं?"

"वहिनीचं."

"मला नाव आहे," ताऊस म्हणाली.

बुसादने तिच्याकडे पाहिलं नाही. "ताऊसचं."

अमीनने दोन्ही भिंतींकडे बघितलं. सगळी डोकी हलली. "झाड ताऊसचं," तो घाईने म्हणाला. "सभेला मान्य. चला, वाटा."

"दृष्टीचं काय? बाजारात मी दृष्ट लावली म्हणालात ते?"

अमीनने बुर्नूसवरची माशी हळूच बोटावर घेतली आणि टोपलीकडे धरली. "फळ कच्चं होतं," तो पुटपुटला.

"मोठ्याने."

"फळ कच्चं होतं!"

गच्चीवरून कुणीतरी बाई हसली आणि दुसरीने तिला गप्प केलं. ताऊसने गोणपाट काढलं. एकेक जण पुढे आला आणि तिच्या हातातून माळा घेऊन निघाला. कुणी आभार मानले, कुणी नुसतीच मान हलवली. वाली काका म्हणाला, "हिवाळ्यात दोन सकाळी खणून देईन." ती म्हणाली, "द्यालच." बाहेर पडले की सगळे पळत सुटायचे, म्हातारेसुद्धा, माळा अंगापासून लांब धरून. अमीनही पळाला.

शेवटी आत बुसाद तेवढा उरला. टोपलीच्या तळाशी चार माळा होत्या. तो दोन पावलं आला, थांबला, मग त्याने हात पुढे केला. दोक्कार मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, म्हणून ताऊसने त्या चारही उचलून त्याच्या तळहातावर ठेवल्या.

"वहिनी," तो म्हणाला, "मनात राग ठेवू नका."

"आहे राग. आणि राहणार आहे," ताऊस म्हणाली. "तू पळ. ऊन चढलं."